हिरव्या हिऱ्याची साल

फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या, की तेव्हा डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती. एका राज्यात मल्लाप्पा नावाचा म्हातारा कारागीर हिऱ्यांना पैलू पाडायचा. आपल्या हातून डाग राहिलेला हिरा बाहेर गेला, तर त्या दिवसापासून घासायचं चाक बंद, अशी त्याने भर दरबारात शपथ घेतली होती. आणि त्या शपथेचा त्याला तोरा तरी केवढा!

एके दिवशी राणी स्वतः त्याच्या दारी आली. तिच्या तळहातावर हिरवा हिरा होता. पांढरे हिरे राजवाड्यात पोत्याने पडले होते, हिरवा मात्र साऱ्या राज्यात हा एवढाच.

"लेक लग्न होऊन वाळवंटात चाललीय, मल्लाप्पा," राणी म्हणाली. "तिथे गवताचं पातंही नाही हो. निदान एवढं हिरवं तरी तिच्यासोबत जाऊ दे."

वरची खरबरीत साल डाग समजून ती काढायला मल्लाप्पाने चाक फिरवलं. जिथे घासावं तिथे हिरा पांढराफटक! आत असेल, आत असेल, म्हणत तो घासतच राहिला. शेवटी मागच्या बाजूला एक खरबरीत हिरवा ठिपका तेवढा उरला. त्याने चाक थांबवलं. भर दुपारी भिंतीला टेकल्या टेकल्या त्याचा डोळा लागला.

स्वप्नात हिरा त्याच्याशी बोलू लागला. "आत काय शोधतोस, बाबा? आतून मी पांढराच. जमिनीच्या पोटात एक कातळ माझा शेजारी होता. त्याच्यातून डोळ्यांना न दिसणारं तेज झिरपायचं. युगंच्या युगं गेली, तेव्हा कुठे माझी साल हिरवी झाली. तुला डाग वाटतो, ती त्या शेजाऱ्याची आठवण आहे."

"पण माझी शपथ?"

"शपथ तुझी. हिरवेपण त्या पोरीचं."

जागा झाल्यावर मल्लाप्पा लहान मुलासारखा रडला. मग त्याने समोरचे पैलू पुरे केले आणि ठिपक्याला बोटही लावलं नाही.

दरबारात हिरा उजेडात धरला, तर त्या ठिपक्याचा रंग सगळ्या पैलूंतून फिरला आणि हिरा तळ्यासारखा हिरवागार दिसू लागला. तरी कुणीतरी कुजबुजलंच, "मागे डाग राहिलाय."

"मुद्दाम ठेवलाय," मल्लाप्पा म्हणाला. "बाकीचं हिरवेपण माझ्या तोऱ्याने खाल्लं, राणीसाहेब. आजपासून माझं चाक बंद."

राजकन्येने हिरा मुठीत घट्ट धरला आणि वाकून त्या म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

दिसेल तो डाग पुसायची घाई करू नये. कधी कधी सगळा रंग त्याच्यातच असतो.