निखळलेला दगड कोणाचा?

माझ्यासारखा गोष्ट सांगणारा आपल्या पंचक्रोशीत दुसरा नाही. म्हणजे होता एक, पण तो वारला, आणि ही गोष्ट त्याचीच. मी आपलं वरून थोडं मीठ टाकलंय. खारट लागली तर तेवढं माझं.

तर फार पूर्वी, माणसं थोडी आणि बढाया लहान होत्या तेव्हा, एका गावात एक तळं होतं. तळ्याला बांध होता, आणि तो बांध गावाने आपल्या हातांनी घातला होता. ना राजाने मदत केली, ना शेजारच्या गावाने. माती सगळ्यांनी मिळून वाहिली आणि शेवटी घरटी एकेक मानाचा दगड बसवला. दगडावर ज्याची त्याची खूण. कोणाचा नांगर, कोणाची करवत, कोणाचा खलबत्ता. दगड कुठे बसवले? तळ्याच्या बाजूला नाही हं! गावाच्या बाजूला. माशांना दाखवून काय उपयोग?

पण खोटं कशाला बोलू, छाती फुगावी असंच काम होतं ते. उन्हाळ्यात आजूबाजूची गावं ढेकळं फोडत बसायची आणि या गावात पाटाला पाणी खळखळायचं.

या गावात एक रीत होती. अमावास्येला दुपारी औतं सुटली की गाव पारावर जमायचं. ज्याला काही बोलायचं असेल त्याने आधी आपला दगड सांगायचा आणि मग काम सांगायचं. आणि कोणी दगड सांगत असताना मध्ये बोलायचं नाही.

पहिल्या पिढीचं सांगणं सुटसुटीत होतं. "मी सुतार, माझा दगड पिंपरणीच्या समोर. गुरं पिकात शिरतात, कुंपण घाला." संपलं. मुलाच्या वेळी "माझ्या बापाने दगड खांद्यावर आणला" एवढं वाढलं. नातवाच्या वेळी तोच दगड आज्याने एका हाताने आणला, दुसऱ्या हातात वाघ होता. दगड होता तेवढाच राहिला. सांगण्यातला मात्र दर पिढीला वाढत गेला. शेवटी असं झालं की दगड सांगता सांगता दिवस मावळायचा आणि कामाचं बोलणं पुढच्या अमावास्येवर जायचं. तरी लोक खुशीत घरी जायचे. म्हणायचे, "आज सभा काय रंगली!"

त्याच गावात एक फुटाणेवाली होती. बाहेरगावाहून आलेली, त्यामुळे तिचा दगड नव्हता. तिची भट्टी आणि झोपडी बांधाच्या अगदी पायथ्याशी. जीभ तिच्या भट्टीतल्या वाळूपेक्षा गरम.

एका अमावास्येला दुपारी ती चणे भाजत होती, तर भट्टीजवळ पाणी आलं. बांधातून थोडं पाणी कायमच पाझरायचं, पण ते नितळ असायचं. आजचं गढूळ होतं. तिने वर पाहिलं. एक दगड निखळून खाली पडला होता आणि त्याच्या जागेतून मातीसकट धार लागली होती. आतली माती अशी वाहून जायला लागली की बांध गेलाच. आणि बांध गेला की पहिली तिची झोपडी, मग सगळं गाव.

ती धावत पारावर गेली. तिथे सुतार उभा होता. त्याचा आजा नुकता वाघाजवळ पोचला होता.

"पाटील, बांध फुटतोय!" ती ओरडली.

"मावशी, दगड चाललाय," पाटील हळूच म्हणाले. "मध्ये बोलू नये."

"अहो, गढूळ पाणी येतंय!"

"पाण्याचं आम्हाला सांगता?" सुतार म्हणाला. "माझा आजा छातीभर पाण्यात..."

"तुमचा आजा राहू द्या हो!"

"असं कसं?" वैद्य उठले. "रीत म्हणजे रीत. तुमचा दगड कुठला मावशी?"

"मला कुठला दगड?"

"मग बोलणार कशाच्या जोरावर?"

पार हसला. फुटाणेवालीने सगळ्यांकडे पाहिलं. तिने पदर खोचला आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं बाई, चुकलंच माझं. चालू द्या तुमचं. जाता जाता एवढंच सांगते, मानाचा एक दगड निखळून चिखलात पडलाय. कोणाचा ते काही मला कळलं नाही."

पारावरच्या सगळ्या माना बांधाकडे वळल्या.

मग वैद्य म्हणाले, "आमचा नसणार." आणि उठले. पाटील म्हणाले, "आमचा तर शक्यच नाही." आणि वैद्यांच्या पुढे धावले. सुतार वाघाला तिथेच सोडून पळाला. बघता बघता पार रिकामा आणि गाव बांधावर!

पडलेला दगड सुतारांचा निघाला. करवतीची खूण स्पष्ट होती. आकार म्हणाल तर नारळाएवढा. पण कोणी हसलं नाही, कारण प्रत्येकाने येता येता आपापला पाहून घेतला होता.

मग मात्र त्या माणसांनी काम केलं, बरं का. पाटलांनी स्वतः पाण्यात उतरून बांधाची पाणी सोडायची मोरी उघडली, म्हणजे तळ्याचं पाणी भगदाडाच्या खाली उतरावं. कोणी गवत आणलं, कोणी चिकणमाती. दगड कमी पडले, तर कोणी आपला मानाचा उपसायला तयार होईना. तेव्हा फुटाणेवालीने भट्टीचे तिन्ही दगड गोणपाटात धरून आणले. गरमच होते. ते आत ठोकले आणि धार थांबली. बांध वाचला.

तात्पर्य आत्ताच सांगून ठेवतो, कारण शेवटचा शब्द त्या बाईचा आहे आणि तिच्यामागून बोलायची माझी छाती नाही.

तात्पर्य: अभिमान पारावर बसला तर गाव बुडवतो, बांधावर गेला तर गाव वाचवतो.

तर धार थांबल्यावर सगळे तिथेच बांधावर टेकले. हातपाय चिखलाने भरलेले, चेहरे फुललेले. वैद्य म्हणाले, "माती मी आणली म्हणून!" सुतार म्हणाला, "ठोकली कोणी?" ज्याचं त्याचं सुरू झालं, आणि मोरीचं पाणी खालच्या ओढ्यात धो धो वाहत राहिलं.

पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "मावशी, आज तुमचे दगड बांधात बसले. एक नाही, तीन! आता तुम्हालाही मान आहे. उठा, सांगा आपले दगड. कोणी मध्ये बोलणार नाही."

फुटाणेवाली उठली. तिने एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा गावाकडे.

"माझे दगड कुठे पळत नाहीत, पाटील. तळं पळतंय. ती मोरी आधी कोणी बंद करताय, की तीही कोणाच्या आज्याने बसवली ते ऐकून घेऊ?"