आवडाईची सहाण

फार वर्षं झाली. हिवरवाडीच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, आणि गावातलं प्रत्येक मूल आवडाई सुइणीच्या हातात पहिलं रडायचं. आवडाईकडे एक काळी सहाण होती. तिच्यावर ती हळकुंड, वेखंड, मुरडशेंग उगाळायची आणि घुटीचं बोट बाळाच्या जिभेवर ठेवायची. त्या घुटीनं पोट तर सुधारायचंच, पण पोर खोटंही बोलत नसे, असं म्हणतात.

गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला. पोरांना वळण लावणं सुइणीचं काम, आणि आपलं काम ओसरीवर बसून पोरांना नावं ठेवणं!

एका वर्षी पाणी फार कमी होतं. पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं. ज्याची पाळी, त्याच्याच वाफ्यात पाणी. त्या दिवशी पाळी होती सगुणा नावाच्या विधवेची, पण पाणी तिच्या वाफ्यापर्यंत पोचलंच नाही. मिरचीची रोपं माना टाकून पडली. चावडीवर माणसं जमली.

"उंदरांनी बांध पोखरला असेल," धोंडजी पाटील म्हणाले.

तेव्हा त्यांचीच नात केशर सगळ्यांदेखत म्हणाली, "आजा, उंदीर कुठला? तुम्हीच तर फावड्यानं पाणी आपल्या उसाकडं वळवलंत."

मग सगळ्यांना एकदम कंठ फुटला, आणि तो पोरीवर.

"खोटारडी!"

"मोठ्यांपुढं तोंड चालवते!"

पोरगी म्हणते ते खरं की खोटं, पाटावर जाऊन बघू या, असं एकाही पांढऱ्या मिशीला वाटलं नाही. ठरलं काय, तर केशरच्या जिभेला तापल्या बिब्ब्याचा डाग द्यायचा. म्हणजे तिला वळण लागेल म्हणे!

तिला ओढतच आवडाईच्या अंगणात आणलं. मागून तिची आई यमुना आली, पदर तोंडात धरून.

"आवडाई, बिब्बा तापव," पाटील म्हणाले.

आवडाईनं पोरीकडं पाहिलं. पोरगी रडत नव्हती, आईकडं बघत होती. आणि आई जमिनीकडं. याच जिभेवर आपण पहिलं बोट ठेवलं, आणि आता हीच आपल्या हातानं जाळायची? म्हातारीचं टाळकं सणकलं.

"धोंड्या, तू पायाकडून जन्मलास. तेव्हाच मला कळायला हवं होतं, हा सगळं उलटंच करणार. डाग कशाला? घुटी कमी पडली असेल, पुन्हा चाटवू. पण माझे हात थकलेत. ज्यांनी पोर वाढवली, त्यांनी उगाळायची."

पाटील बसले. सहाणेवर पाणी घातलं, हळकुंड फिरवू लागले. फिरवून फिरवून घामाघूम झाले, पण पाण्याला रंग येईना. "आण इकडं," म्हणत दुसरा म्हातारा बसला. मग तिसरा. पाटलांचं फावडं त्यांनीही पाहिलं होतं, आणि तोंडं मिटून घेतली होती. हळकुंड कणभरही झिजलं नाही, असं म्हणतात.

"दगड बाटला!" कुणीतरी ओरडलं.

"हो का?" आवडाई कडाडली. "दगड बाटला, हळकुंड नासकं, पोरगी खोटारडी. तुम्ही तेवढे सोवळे!"

मग यमुना पुढं झाली. तिनं उगाळलं. तरी पाणी पाण्यासारखंच.

केशर हळूच म्हणाली, "आई, तूपण होतीस की गं शेतात."

यमुनाचा हात थांबला. तिनं तोंडातला पदर काढला. "होते. मामंजींनी पाणी वळवलं ते मी पाहिलं, आणि पोरीला ओढत आणलं तरी गप्प राहिले."

आणि तिच्या हाताखाली हळकुंड विरघळायला लागलं. पिवळाधमक रंग सहाणेवरून ओसंडला, अंगणातून, पाटलांच्या पायांवरून वाहत पाटात गेला आणि थेट सगुणाच्या वाफ्यात शिरला. मिरच्यांनी माना वर केल्या, असं म्हणतात.

आवडाईनं ती घुटी केशरला चाटवली नाही. बोट भरून ती पाटलांसमोर उभी राहिली. "तोंड उघड."

पाटलांनी तोंड उघडलं. घुटी गिळली आणि पुटपुटले, "वळवलं मीच."

"मोठ्यानं," आवडाई म्हणाली.

मग ते गावाला ऐकू जाईल असं म्हणाले.

आवडाई गेली, त्याला किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. ती सहाण आजही पाटाच्या दाराशी, करंजाखाली आहे, आणि भर उन्हाळ्यात तिच्यावर हात ठेवला तर ओला होतो, असं म्हणतात. हिवरवाडीत बारसं असलं की बाळाच्या आधी घरातली मोठी माणसं तिथं बसतात. आपलं एक खोटं सांगायचं, घुटी उगाळायची, आधी स्वतः चाटायची. मगच बाळाला बोट. कुणा आजोबांचे गुडघे नेमके त्याच दिवशी दुखतात. कुणाला आपण खोटं बोललेलं आठवतच नाही. मग गावातल्या पोरी त्यांना दंडाला धरून सहाणेशी बसवतात. आजोबा मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटतात.

आणि पोरी म्हणतात, "मोठ्यानं."