सोमवारी सापडलेली डिस्क्रिपन्सी

गोरा साहेब कारंजगडात यथेच्छ जेवला आणि निघता निघता म्हणाला, “तुमच्या राजवाड्यात मला मोठी डिस्क्रिपन्सी दिसली.” कौतुकच झालं असं समजून भुजंगराव महाराजांनी मान डोलावली. बग्गी दिसेनाशी झाल्यावर त्यांनी दिवाणजींना अर्थ विचारला. दिवाणजी चाचरत म्हणाले की तिला विसंगती म्हणतात, आणि ती असणं काही बरं नव्हे.

महाराजांचा पारा चढला. राजवाड्यात नको ती चीज दिसते, म्हणजे ती दरवाजातूनच शिरली असणार. आणि दरवाजावर कोण? म्हातारा धोंडजी! लगेच फर्मान सुटलं. सोमवारी दुपारपर्यंत तिला धरून दरबारात हजर कर, नाहीतर राज्याबाहेर चालता हो. दिवाणजींनी फर्मानावर शिक्का उठवला. महाराजांना समजावण्यापेक्षा पहारेकरी बदलणं सोपं होतं.

धोंडजीने हाय खाल्ली. उतारवयात घरदार सोडून जायचं कुठे? त्याची लेक येसू मात्र तडक दिवाणजींकडे गेली आणि ही बया दिसते कशी, असं तिने विचारलं. दिवाणजी खेकसले, की एक बोलायचं आणि भलतंच करायचं, ती विसंगती. येसूला हसू आवरेना. घरी येऊन तिने बापापुढे भाकरी ठेवली आणि सांगितलं की सोमवारी ती आयतीच सापडेल.

कारण सोमवारी महाराजांचं मौन असे. त्या दिवशी ते तोंडातून शब्द काढत नसत, पण पाणी हवं तर टाळ्या, विडा हवा तर शिट्ट्या आणि राग आला की हातातली चांदीची घंटा. त्यांना काय हवंय ते ओरडून सांगायला चोपदार वेगळा. आठवड्यात एवढा गोंगाट दुसऱ्या कुठल्याही दिवशी होत नसे.

येसू बापाला घेऊन दरबारात उभी राहिली. महाराजांनी घंटा बडवली, पाय आपटले, भुवया उडवल्या.

“डिस्क्रिपन्सी कुठेय?” चोपदार ओरडला.

“महाराजांच्या हातात आहे,” येसू म्हणाली. “सरकार, तुमचं मौन पार वेशीपर्यंत ऐकू येतंय! नाव मौनाचं आणि हा गलका, यांचा मेळ बसत नाही ना, तीच ती. दरवाजातून आलीच नाही, तर बाबा तिला अडवणार कसे?”

धोंडजीने डोळे मिटले. महाराजांनी घंटेकडे पाहिलं, दिवाणजींकडे पाहिलं, आणि एकदम खो खो हसत सुटले. हसता हसता बोलूनही गेले, “पोरीने धरली की रे मला!”

“आता गेली बघा ती,” येसू म्हणाली. “मौनच मोडलं.”

महाराज पोट धरून हसले. धोंडजीची चाकरी कायम झाली, त्याला नवं पागोटं मिळालं. येसूला हवं ते मागायला सांगितलं, तर तिने घंटा मागितली.

पुढच्या सोमवारी राजवाडा खरोखर शांत होता. घंटा येसूच्या म्हशीच्या गळ्यात वाजत होती, आणि म्हशीचं काही मौन नव्हतं.