वाळवीचं भुयार

माणसाला अजून कुलूप ठाऊक नव्हतं, त्या काळी एका वारुळात वाळवी राहत असे. तिचं खाणं मैदानापलीकडच्या सागाच्या ओंडक्यात होतं आणि वाटेत काळ्या मुंग्या टपलेल्या असत. म्हणून वाळवीने ओंडक्यापर्यंत मातीचं झाकलेलं भुयार बांधलं. आतून कोण जातं, काय नेतं, मुंग्यांना दिसेनासं झालं.

तरीही वारुळाच्या दारात मोठ्या जबड्याचे राखणदार खंडूकाका प्रत्येकीला हुंगूनच आत सोडायचे.

"काका, भुयार आपलं, आम्ही आपल्या! मग रोज हे कशाला?" भुशाचा घास घेऊन आलेली तानी वैतागली. "आत पिल्लं भुकेली आहेत."

"पिल्लं आहेत म्हणूनच हुंगतो, बाई. रांगेत थांब."

पुढच्याच खेपेला भुयारात तानीच्या अंगाला वारा लागला. कुठेतरी चीर पडली होती. "उद्या लिंपू," म्हणत ती तशीच पुढे गेली. त्याच चिरेतून एक काळी मुंगी आत शिरली, अंगाला भुसा फासून तानीच्या मागे चालू लागली. वाळवी आंधळी, तानीला पत्ताच लागला नाही.

दारात काकांनी तानीला सोडलं, मागचीला हुंगलं आणि ते तिच्या वाटेत आडवे आले.

"भुसा आमचा आहे गं, पण त्याखालचा आंबट वास कुणाचा?"

त्यांचा जबडा तिच्या दिशेने खाडकन मिटला. मुंगी जीव घेऊन पळाली.

तानी धावत पिल्लांपाशी गेली. एकेक तोंड घासासाठी उघडत गेलं. शेवटचंही उघडलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग ओली माती तोंडात धरून ती चिरेकडे निघाली.