भरलेली टाकी

“गाडी किती वेळ चालून बंद पडते?” जोतिरामनं विचारलं.

“ते टाकीवर आहे,” उस्ताद म्हणाले.

“म्हणजे?”

“अर्धी असली की लांब जाते. भरली की कोपऱ्यावरच बंद.”

जोतिराम मनात हसला. पेट्रोल कमी असलं की गाडी चालते आणि जास्त झालं की उपाशी मरते! उस्तादांनी पुन्हा कोडं घातलं होतं.

दस्तगीर उस्तादांचं तासगावात गॅरेज होतं. हात थरथरायला लागले तसं त्यांनी ते बंद केलं. पण अजूनही कुणाची मोटारसायकल अडली की लोक म्हणत, उस्तादांना विचारून या.

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. चांगल्या चालत्या गाडीत ते गुपचूप खोट करून ठेवायचे. कुठं वायर ढिली, कुठं पाइप दुमडलेला. मग गाडी शिष्यापुढं उभी करायची आणि एकच शब्द बोलायचा, “शोध.”

सापडलं तरी शाबासकी नसायची. पुढची गाडी मिळायची.

जोतिराम गुरव त्याच गॅरेजात तयार झाला. आता तो सांगलीच्या एका मोठ्या वर्कशॉपचा मुख्य मिस्त्री होता. याच महिन्यात कंपनीच्या राज्यभरच्या स्पर्धेत पहिला आला होता. त्याचा बिल्ला खिशावर होता आणि तो खिशावर आहे हे त्याला सारखं जाणवत होतं.

‘गाडी बंद पडते, घरी ये,’ असा उस्तादांचा निरोप आला तेव्हाच तो समजला. परीक्षा.

रविवारी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. अंगणात लिंबाखाली उस्तादांची जुनी गाडी स्टँडवर उभी होती. टाकी आरशासारखी लखलखत होती.

उस्ताद बाजेवर बसले. “काय लागेल ते घरातलं घे,” म्हणाले. मग टाकीबद्दलचं ते बोलणं झालं.

जोतिरामनं किक मारली. गाडी पहिल्याच किकला लागली. आवाज नीट, एकसारखा. काही वेळानं तो आवाज पातळ झाला, अडखळला... आणि बंद.

“पेट्रोल पोचत नाही,” जोतिराम म्हणाला.

“हं.”

त्यानं प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली होती. कार्बोरेटर उतरवला, खोलला, फुंकला, पुसला. आतून तो इतका स्वच्छ होता की त्याला जरा नवल वाटलं. फिल्टरही साफ होता. सगळं पुन्हा जोडलं.

किक. गाडी लागली. तो ताठ उभा राहून उस्तादांकडं पाहू लागला.

आवाज पातळ झाला. अडखळला... बंद.

जोतिरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. राज्यातल्या मिस्त्र्यांना त्यानं मागं टाकलं होतं, आणि या अंगणात एक जुनी गाडी त्याला जुमानत नव्हती.

त्यानं कार्बोरेटर पुन्हा उतरवला.

“हा गेलाय. सांगलीहून नवीन मागवतो. बसवला की चालेल.”

“चालेल?” उस्तादांनी विचारलं.

“चालेल.”

“का?”

का, ते जोतिरामला माहीत नव्हतं. वर्कशॉपात हा प्रश्न कुणी विचारत नसे. तिथं जुना भाग काढायचा, नवा बसवायचा, पुढच्या गाडीला लागायचं.

त्यानं कार्बोरेटर फडक्यावर ठेवला आणि गाडीजवळ मांडी घालून बसला.

टाकीच्या कॉकला, म्हणजे खालच्या तोटीला, पेट्रोलचा पाइप होता. पाइपचं मोकळं तोंड त्यानं एका बाटलीत धरलं आणि कॉक उघडला. धार चांगली पडली. एरवी त्यानं एवढंच पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, टाकी ठीक.

आज तो बघत राहिला.

धार बारीक झाली. दोऱ्यासारखी झाली. मग थेंब... मग तेही नाही.

चाची, म्हणजे उस्तादांच्या बायको रहमतबी, चहा घेऊन आल्या. “बेटा, चहा.”

जोतिरामला ऐकू आलं नाही. त्यानं टाकी हलवून पाहिली. आत पेट्रोल डचमळलं. टाकी काठोकाठ भरलेली, आणि खाली थेंब नाही.

अर्धी असली की लांब जाते. भरली की कोपऱ्यावर बंद...

अर्धी असली म्हणजे आत काय जास्त असतं?

त्यानं हळूच हात वर नेला आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सूंऽऽ... टाकीनं श्वास घेतला. बाजेवरच्या उस्तादांनासुद्धा तो ऐकू गेला.

आणि खाली बाटलीत धार पडायला लागली. जाड, सरळ.

“हवा!” जोतिराम ओरडला. “उस्ताद, हवा! आत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं.”

त्यानं झाकण उजेडात धरलं. हवेसाठीचं बारीक भोक बुजलेलं होतं. जुन्या क्लच वायरची एक तार काढून त्यानं टोचली. पांढरी भुकटी बाहेर आली. बोटावर घेऊन त्यानं वास घेतला.

पॉलिश.

कार्बोरेटर चढला. झाकण बसलं. किक. गाडी चालू राहिली. चहा थंड झाला, चाचींनी तो परत नेऊन गरम करून आणला, तरी गाडी चालूच होती.

जोतिरामनं चावी फिरवून ती बंद केली आणि कपाळ पुसलं. पहिल्या नंबराचा बिल्ला हातात पडला तेव्हासुद्धा त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

“कोडं झकास होतं, उस्ताद,” तो म्हणाला. “भोकात पॉलिश भरायचं कसं सुचलं तुम्हाला?”

“कोडं नव्हतं,” उस्ताद म्हणाले.

“मग?”

“मला सापडलं नाही.”

जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसं जोतिरामला झालं. हे वाक्य त्यानं त्या तोंडातून कधी ऐकलं नव्हतं.

“रोज सकाळी घासत बसतात,” चाची म्हणाल्या. “टाकी घासतात, झाकण घासतात. एवढं पॉलिश तर मी ताटांनाही लावत नाही. आणि गाडी चौकात बंद पडली की ढकलत आणतात. कुणाला हात लावू देत नाहीत. कुणी विचारलं तर सांगतात, व्यायाम करतोय.”

“तू आत जा,” उस्ताद म्हणाले.

चाची गेल्या नाहीत.

“नजरेला आता जवळचं बारीक दिसत नसेल, उस्ताद,” जोतिराम हलकेच म्हणाला. “नाहीतर तुम्हाला...”

“चष्मा लावून पाहिलं. प्लग पाहिला. फिल्टर बदलला. कार्बोरेटर तर नवीन आणून बसवला.”

जोतिरामनं गाडीकडं पाहिलं. आतून इतका स्वच्छ कार्बोरेटर...

“म्हणून तुम्ही ‘का’ विचारलंत?”

“मला उत्तर खरंच हवं होतं.”

लिंबाचं एक पिकलं पान टाकीवर पडलं. जोतिरामनं ते उचललं आणि उगीच हातात धरून ठेवलं. जिंकल्याचा आनंद अजून छातीत होता, पण त्याला आता कुठं ठेवावं ते कळत नव्हतं.

“गावातल्या कुणाला दाखवायची होती,” तो म्हणाला.

“दाखवली असती तर हरलो असतो.”

“आणि मला?”

उस्तादांनी त्याच्या खिशावरच्या बिल्ल्याकडं पाहिलं.

इतक्यात कुंपणापलीकडून शेजारचे रामू कुंभार डोकावले. गाडीचा आवाज त्यांनी ऐकला होता.

“काय उस्ताद, सापडलं का शेवटी? मी म्हणतच होतो, तुम्हाला सापडणार नाही असं असतंय होय!”

“उस्तादांनीच सांगितलं,” जोतिराम घाईनं म्हणाला. “मी नुसती तार टोचली.”

उस्ताद बाजेवरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, पण उठले.

“खोटं बोलतोय, रामूभाऊ. मी महिनाभर डोकं फोडलं, मला सापडलं नाही. या पोरानं इथं बसून शोधलं.” त्यांचा आवाज चढला. पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला असेल. “हरवलं मला यानं! दस्तगीरला हरवलं!”

घरात मूल झाल्याची बातमी सांगावी तसं ते बोलत होते.

रामू कुंभार काय बोलावं ते न कळून हसले. चाचींनी पदर डोळ्यांना लावला.

जोतिराम पाया पडायला वाकला. उस्तादांनी पाय मागं घेतले.

“पेट्रोलचे हात. धुऊन ये आधी.”

तो मागच्या दारी गेला. साबणानं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि पाणी मारणं बराच वेळ चालू ठेवलं.

परत आला तेव्हा उस्तादांनी सदरा बदलला होता. डोक्यावर जरीची टोपी. अत्तराचा वास. ईदला करायचे तशी तयारी.

“हे काय? कुठं निघालात?” चाचींनी विचारलं.

“ट्रायल घ्यायला नको?”

त्यांनी गाडीला लावलेली चावी काढली आणि जोतिरामच्या ओल्या तळव्यावर ठेवली. ही गाडी आजवर त्यांच्याशिवाय कुणी चालवली नव्हती. घरच्यांनीसुद्धा नाही.

जोतिराम चावीकडं बघत राहिला.

“पुढं मी बसू?”

उस्ताद तोवर मागच्या सीटवर टांग टाकून बसले होते.

जोतिराम पुढं बसला. किक मारली. गाडी लागली. अंगणाच्या फाटकाशी येऊन त्यानं मान वळवली.

“बायपासनं घेऊ, उस्ताद? रस्ता मोकळा आहे. पाच मिनिटांत कळेल.”

उस्तादांनी टोपी नीट केली. पाठ ताठ केली. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाजारातून घे,” ते म्हणाले. “आणि... सावकाश.”