दोरगल्लीला ओटे का नाहीत

करंजपूरच्या दोरगल्लीत नवखा माणूस आला की हमखास ठेचकाळतो, कारण इथल्या घरांची पायरी दाराबाहेर नसते, आत असते. एकाही घराला ओटा नाही. घरे मागे वाढली, वर चढली. गल्लीत मात्र वीतभरही पुढे आली नाहीत. गल्लीच्या टोकाला एक घर सहज मावले असते, पण तिथे नुसती मोकळी जमीन आहे. असे का, ते इथली जुनी माणसे सांगतात.

पूर्वी ही सगळी वस्ती दोर वळणाऱ्यांची होती. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, एका टोकाला बांधायचा आणि पीळ देत देत मागे सरकत जायचे. गल्ली जेवढी लांब, तेवढाच दोर लांब. गावची विहीर फार खोल. तिचा नाडा, म्हणजे पाणी ओढायचा जाड दोर, एकसंध व्हावा म्हणूनच म्हणे ही गल्ली इतकी लांब आणि सरळ आखली होती.

सटवाजी हा त्यांतला नावाजलेला कारागीर. बायको लवकर गेली. एकुलत्या एका मुलाला, बहिरूला, त्याने पोटाशी धरून वाढवले. बहिरूचे लग्न झाले, राही घरात सून म्हणून आली. एवढ्याशा घरात नव्या जोडप्याला आडोसा नव्हता, म्हणून सटवाजीने गल्लीच्या टोकाला त्यांच्यासाठी एक खोली उभारली. कुणी हरकत घेतली नाही. उलट ते पाहून बाकीच्यांनीही दारापुढे ओटे काढले. गल्ली आखूड झाली, अरुंदही झाली. विहिरीचा नाडा आता दोन तुकड्यांत वळून मध्ये सांधावा लागे. तो सांधा सटवाजीच घाली, आणि त्याच्या हातावर गावाचा विश्वास होता.

त्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचे ठरले. उतरायला बहिरू पुढे झाला. काठावर त्याने सांध्यावरून अंगठा फिरवला आणि बापाकडे पाहिले.

"धरेल," सटवाजी म्हणाला.

तेवढ्या शब्दावर बहिरू उतरला. निम्म्यावर पोचला असेल नसेल, सांधा सुटला. वरच्यांच्या हातातला दोर एकदम हलका झाला.

बहिरूचा तेरावा उरकल्यावर सटवाजी कुदळ घेऊन त्या खोलीपाशी गेला. राही दारात उभी होती. ती आडवी येणार असे सगळ्यांना वाटले.

"मामंजी, पाडू नका असं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "पण ही खोली माझ्यासाठी बांधली होती. पहिला घाव मला घालू द्या."

त्याने कुदळ तिच्या हातात दिली. तिन्हीसांजेपर्यंत दोघांनी मिळून भिंती जमीनदोस्त केल्या. दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, गल्लीतले ओटे फुटू लागले.

मग सटवाजी नवा नाडा वळायला उभा राहिला. पीळ देत मागे मागे येत तो खोलीच्या जागेपाशी पोचला आणि तिथे त्याचे पाय उचलेनात. तसाच थांबून राहिला असता तर पीळ उलगडला असता. राहीने दोर त्याच्या हातातून घेतला आणि उरलेली वाट ती मागे चालत गेली. तोवर बाईने दोराला पीळ दिल्याचे कुणी पाहिले नव्हते.

आता गल्लीत दोर वळत नाहीत. बाजारात नायलॉनचा मिळतो. पण आजही इथे नवे घर बांधायचे झाले, की पाया भरण्याआधी गल्लीभर दोर ताणतात. मोकळ्या जमिनीवरचे टोक त्या घरच्या सुनेने धरायचे. दोर कुठे अडला, तर पाया तेवढा मागे घेतात. कुठे अडला नाही, तरी सुनेने टोक खाली टाकायचे नसते. सासऱ्याने, सटवाजी थांबला होता ती जागाही ओलांडून, गल्लीभर चालत यायचे आणि ते तिच्या हातातून घ्यायचे.