सगळ्यांच्या चवीची आमटी

"पण प्रत्येकाचं ऐकायला नको का, महाराज?" कौस्तुभ वैतागून म्हणाला. "त्यासाठीच तर हा राउटर आणला. हवा तसा प्रोग्राम घालता येतो याच्यात!"

मठाच्या भिंतीवरचा तो राउटर आसपासच्या वाड्यांना इंटरनेट पुरवायचा. म्हणजे कालपर्यंत. शाळेला धड्यांचे व्हिडिओ आधी हवे होते, दवाखान्याला शहरातल्या डॉक्टरांचा कॉल, भजनी मंडळाला थेट प्रक्षेपण. राउटर सांभाळणाऱ्या कौस्तुभने एकेकाची सोय मूळ प्रोग्रामातच घुसडली. एकाचं बसवलं की दुसऱ्याचं बिघडायचं. आज तर नुसता लाल दिवा.

आणि दुपारी शाळेतली पोरं लडाखच्या पोरांशी बोलणार होती. आठवडाभर त्यांचा 'जुले, जुले' असा लडाखी नमस्काराचा घोष चालला होता.

गोविंदगिरी महाराज संन्यासाआधी टेलिफोन खात्यात होते. तरी बोलायचे बेताचंच.

"आज पंगतीत आमटी तू वाढ," ते म्हणाले. "कोणी काही मागितलं, तर पातेल्यात घाल."

"पातेल्यात?"

महाराजांनी डाव त्याच्या हातात दिला.

पंगत बसली.

"मीठ कमी आहे हो," शाळेच्या पावसकरबाई म्हणाल्या. कौस्तुभने घातलं.

"मला बाबा गोडसर लागते," दवाखान्याचे कंपाउंडर म्हणाले. गूळ पडला.

"जरा झणझणीत होऊ दे!" भजनी मंडळाचे धाकूबुवा गरजले. तिखटही पडलं.

दुसरं वाढप झालं आणि पंगतीत ठसका, हशा, आरडाओरडा एकदमच उसळला.

"कोणी केली रे ही आमटी?"

कौस्तुभ डाव हातात धरून उभा. कानाच्या पाळ्या लाल.

महाराज उठले. झाकून ठेवलेलं दुसरं पातेलं त्यांनी पुढे ओढलं. साधी आमटी होती. मग प्रत्येकाच्या पानावर डावीकडे त्यांनी चिमूटभर मीठ, गुळाचा खडा, मिरचीचा ठेचा वाढला.

पंगत गप्प होऊन जेवू लागली.

कौस्तुभ त्या पानांकडे बघत राहिला... मग राउटरकडे... आणि डाव टाकून धावलाच.

मूळ प्रोग्राम त्याने होता तसा केला. ज्याची त्याची सोय शेजारी, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने शाळेतून 'जुले!'चा असा गलका आला, की मठातल्या चिमण्या उडाल्या.

"जमलं, महाराज!" तो नाचतच आला. "आता कोणी काहीही मागू दे!"

"छान. जेवून घे."

महाराजांनी पान मांडलं आणि पहिल्या पातेल्यातली आमटी वाढली. कौस्तुभने घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. त्याने आशेने पानाच्या डावीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

"महाराज... जरा..."

"काही मागू नकोस," महाराज हसून म्हणाले. "सगळं आतच आहे."